वाळवीने खाल्लेलं व्हिजिटिंग कार्ड: फेकू, वाटू की परत गणपतीवर येऊ?

वाळवीमारू

मंडळी, नमस्कार. राहणार फोंडा, धंदा वाळवीचा. म्हणजे मारायचा. बावीस वर्षं झाली. इतकी वर्षं माझं कार्ड सगळ्यांचं असतं तसंच होतं. डाव्या कोपऱ्यात गणपती, मध्ये नाव, खाली 'सर्व प्रकारची कीड नियंत्रणाची कामे खात्रीशीर केली जातील' आणि दोन नंबर, त्यातला एक कधीच बंद पडलेला. लोक कार्ड घेतात, शर्टाच्या खिशात टाकतात आणि ते धुण्यात जातं. वीसेक वर्षांत मी गोव्यातल्या निम्म्या वॉशिंग मशीन्समध्ये जाऊन आलो असेन.

यंदा पावसाच्या आधी भाच्याने डोक्यात भरवलं, मामा, कार्ड असं हवं की माणसाला फेकवणार नाही. पोरगा डिझाइन शिकतोय. त्याची कल्पना अशी: कार्डाचा उजवा वरचा कोपरा वाळवीने खाल्ल्यासारखा कापायचा आणि खाली एकच ओळ, 'बाकीचं खाण्याआधी फोन करा.' मी इतका हसलो की लगेच १००० छापायला टाकली. हसणं महागात पडलं.

कार्डं आणायला गेलो तर छापखान्यातल्या नव्या पोराने दोन गठ्ठे रद्दीत टाकलेले. 'कोपरे फाटलेत म्हणून बाजूला काढले.' तिथून बँकेत गेलो, मॅनेजरना दिलं. ते म्हणाले, चांगलं नाही का एखादं? म्हटलं, साहेब, तोच विनोद आहे. त्यांनी कार्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुढचा टोकन नंबर पुकारला. मडकईच्या एका आजींनी तर कार्ड उलटसुलट करून विचारलं, 'हें कितें रे, हुंदरान खालां?' आणि लगेच पुढे, उंदरांचंही काम करतोस काय. (ते काम मिळालं.)

पण खरा घोटाळा मागच्या बाजूला होता. भाच्याने तिथे वारूळ काढलं आणि वर लाल फुली मारली. छापायच्या आधी मी बघितलं होतं, हे कबूल करतो. आमच्या गावात सातेरीचं देऊळ आहे. देवळातल्या एका जुन्या महाजनांनी कार्ड हातात घेतलं, चष्मा लावला आणि एवढंच म्हणाले, 'रोयणीवर फुली मारलीस?' मला तिथल्या तिथे जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

साडेसहाशे कार्डं शिल्लक आहेत. काय करू? आणि नवी करायची झाली तर विनोद ठेवू की गपचूप गणपतीवर येऊ?

आमसूल

हसून हसून पुरेवाट. आजींचा किस्सा घरात मोठ्याने वाचून दाखवला.

पाटोवरचा

मुळात कार्ड हवंच कशाला? समोरच्याला मिस कॉल द्यायचा, नंबर सेव्ह, विषय संपला. २०० रुपयांच्या छपाईत झाड तोडायचं आणि त्यावर विनोद करायचा, हा सुखवस्तूपणा झाला.

डिचोलीकर

इतर राज्यांतल्या वाचकांसाठी: आमच्याकडे सातेरी, शांतेरी ही देवी वारुळाच्या रूपात पुजतात. रोयण म्हणजे ते वारूळ. कित्येक देवळांत गाभाऱ्यात मूर्तीऐवजी रोयणच असते. त्यामुळे भाच्याने काढलेलं चित्र इतरत्र 'पेस्ट कंट्रोल' आणि आमच्याकडे देवीवर फुली.

वाळवीमारूशेट, काही होत नाही. नारळ घेऊन जा, देवळात गाऱ्हाणं घाल, चूक झाली म्हण. महाजनांनाही सांग की नारळ ठेवला. आणि उरलेली कार्डं देवळाच्या परिसरात वाटू नकोस, बाकी गोवा मोठा आहे.

वाळवीमारू

@डिचोलीकर, नारळ त्याच संध्याकाळी ठेवला. महाजन आता बोलतात, पण माझं नाव 'फुलीवालो' पडलंय.

तुम्ही म्हणता ते रोजच्या कामातही येतं. काही जुन्या घरांत भिंतीला धरून आत रोयण वर आलेली असते आणि घरचे तिला दिवा लावतात. तिथे मी आधी विचारतो. वासे, दारं, पाटये सगळं करून देतो, तेवढा कोपरा सोडतो. बावीस वर्षं हे पाळणाऱ्या माणसाने कार्डावर हे करावं म्हणजे बघा.

खिळेजुळारी

माझं आयुष्य छापखान्यात गेलं, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

तुमचा कोपरा 'खाल्लेला' न दिसता 'फाटलेला' का दिसतो? कारण डाय. डाय म्हणजे प्लायवूडमध्ये खोचलेलं पोलादी पातं. ते पातं वळवून आकार काढतात, आणि पात्याला बारीक दात काही वळवता येत नाहीत. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा लहान वळण मागितलंत तर कारागीर ते गोल करूनच देणार. म्हणजे वाळवीऐवजी गाईने खाल्ल्यासारखं होतं. नव्या पोराची चूक नाही, मीही बाजूलाच काढलं असतं.

तुम्हाला हवं ते लेझरने होतं. आणि इथे एक गंमत आहे. लेझरने कागद कापला की कड जळून तपकिरी होते. एरवी आम्ही गिऱ्हाइकाला त्याबद्दल माफी मागतो. तुमच्या बाबतीत तीच तपकिरी कड वाळवीच्या मातीसारखी दिसेल, फुकटात. फक्त लॅमिनेशन करू नका, प्लॅस्टिक वितळतं आणि वास येतो.

लॅमिनेशनचं निघालंच आहे तर: गोव्यात एका बाजूला लॅमिनेशन करून घेणारे गिऱ्हाईक जुलैत भांडायला येतात. कार्ड पोळीसारखं वळतं. उघड्या बाजूचा कागद हवेतलं पाणी पिऊन फुगतो, प्लॅस्टिकची बाजू फुगत नाही, मग कार्ड प्लॅस्टिकच्या बाजूला वाकणारच. एक तर दोन्ही बाजूंना करा किंवा अजिबात नको. कागद ३०० ते ३५० जीएसएम घ्या (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). त्याखाली गेलात तर निमंत्रणपत्रिका वाटते.

मापही बघा. आपल्याकडे साडेतीन बाय दोन इंचाचं चालतं, म्हणजे ८९ बाय ५१ मिलिमीटर. एटीएम कार्ड मात्र ८५.६ बाय ५४. पाकिटाचे कप्पे एटीएमच्या मापाने शिवलेले, त्यामुळे आपलं कार्ड बाहेर डोकावतं आणि पहिलं तेच काढून टाकलं जातं. ८५ बाय ५५ घेतलंत तर बसतं. विनोदाचं मला कळत नाही, पण पाकिटात न मावणारा विनोद दोन दिवस टिकतो.

अवांतर: भारतातला पहिला छापखाना १५५६ साली इथेच, जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजात लागला. म्हणजे चांगला माल रद्दीत टाकायची आमची परंपरा साडेचारशे वर्षांहून जुनी आहे.

आमसूल

@पाटोवरचा, मिस कॉलने नंबर सेव्ह होतो, पण कोणत्या नावाने? माझ्या फोनमध्ये 'प्लंबर', 'प्लंबर २', 'प्लंबर नको' असे तिघे आहेत. 'प्लंबर नको' कोण हे आठवत नाही, म्हणून तिघांनाही लावत नाही.

मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सोलां (म्हणजे आमसुलं), आगळ, कैरीचं लोणचं घेऊन बसते. माझं कार्ड म्हणजे पुडीवरची चिठ्ठी. सोलांच्या पुडीवर लिहिलंय: 'तोंड वाकडं झाल्यास फोटो काढून पाठवावा.' खाली नंबर. लोक खरंच पाठवतात! मुलं, आजोबा, एकदा तर अख्खं वऱ्हाड. मग मी उत्तर पाठवते आणि पुढच्या वेळचं गिऱ्हाईक तिथेच पक्कं. मला कुणी शिकवलं नाही, सासूबाई गिऱ्हाइकाला चव द्यायच्या आणि तोंडाकडे बघत बसायच्या, त्यावरून सुचलं.

काळा कोट

आम्हा वकिलांची कथा वेगळी. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे आम्हाला जाहिरात करता येत नाही. पाटीसुद्धा बेताच्या आकाराची हवी, आणि पाटीवर किंवा लेटरहेडवर अमुक प्रकारच्या खटल्यांत तज्ज्ञ असं लिहायचं नाही. त्यामुळे माझ्या कार्डावर नाव, पत्ता, फोन. विनोद म्हणाल तर एकच, 'भेटण्याची वेळ: सायंकाळी ५ ते ७.'

डिचोलीकर

हाहाहा. साडेसातला या, असं खाली लिहा.

परतलेला

जगातलं या जातीचं सगळ्यात भारी कार्ड केव्हिन मिटनिकचं. एकेकाळचा कुप्रसिद्ध हॅकर, तुरुंगात जाऊन आला, नंतर कंपन्यांना सुरक्षेचा सल्ला द्यायला लागला. २०२३ मध्ये गेला. त्याचं कार्ड पोलादी पत्र्याचं, आणि त्यात कुलूप उघडायच्या सळ्या कापलेल्या. बोटाने मोडून सुट्या काढा आणि कुलूप उघडा! 'मी सिक्युरिटीत काम करतो' असं तोंडाने सांगायची गरजच नाही.

दुसरं स्टीव्ह मार्टिन या विनोदी नटाचं. लोक सही मागून हैराण करायचे, तर तो छापील कार्ड द्यायचा: धारकाची माझ्याशी प्रत्यक्ष भेट झाली असून मी त्याला प्रेमळ, सभ्य, हुशार आणि विनोदी वाटलो, अशा अर्थाचा दाखला. तलाठ्याच्या दाखल्यासारखा.

दोन्हींत बघा, विनोद धंद्यातूनच वर आलाय. मिटनिकचं कार्ड न्हाव्याने छापलं तर पोलीस येतील. वाळवीमारूंच्या कोपऱ्यालाही हाच निकष लावला तर तो पास आहे. फक्त अंमलबजावणी गंडली.

पाटोवरचा

+१. मिटनिकचं कार्ड मीही ठेवलं असतं. शब्द मागे घेतो, अर्धे.

रंगरेषा

डिझाइनवाली बोलतेय. भाच्याची बाजू घ्यायची म्हणून आले, पण आधी एक सावधगिरी. नवं कार्ड करताना कुणीतरी सांगेलच की मारियो मिरांडांसारखी गर्दी काढ, बाल्कनीतल्या बाया, कुत्रं, पाववाला. माझ्याकडे महिन्यातून एक गिऱ्हाईक हेच मागतं आणि इंटरनेटवरून चित्र उचलून सोबत पाठवतं. मारियो २०११ मध्ये गेले. आपल्याकडे कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे २०७१ अखेरपर्यंत. तोवर त्यांची चित्रं परवानगीशिवाय कार्डावर नकोत. शिवाय गर्दीच्या चित्रात वाळवी दिसणार कुठे?

आता कल्पना. तुम्हाला 'खाल्लेलं' दाखवायचंय, पण फाटका माल वाटता कामा नये. मग क्यूआर कोड खाऊ द्या.

वाळवीमारू

क्यूआर खाल्ला तर चालेल कसा?

रंगरेषा

चालतो. म्हणूनच तर मजा. क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हने गाड्यांच्या सुट्या भागांसाठी काढला. कारखान्यात चिठ्ठी मळणार, तेल लागणार, म्हणून त्यात दुरुस्तीची सोय आधीपासूनच आहे. चार पातळ्या असतात, सगळ्यात वरच्या एच पातळीला साधारण ३० टक्के माहिती खराब झाली तरी कोड वाचला जातो.

भाच्याला सांगा, कोड एच पातळीवर बनव आणि कुरतडायचं तर उजव्या खालच्या बाजूने. बाकीच्या तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन शाबूत हवेत, त्यांच्यावरूनच फोनला कोड सापडतो. चहूबाजूची पांढरी पट्टीही सोडायची. तीस टक्के मिळतात म्हणून तीस टक्के खाऊ नका, दहा-बारावर थांबा आणि घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर तपासा. आणि कोडात थेट नाव-नंबर भरा. फुकट लिंक देणाऱ्या साइटवरून कोड काढलात आणि त्यांनी उद्या लिंक बंद केली, तर कार्ड खरोखरच वाळवीने खाल्लं.

परतलेला

ही कल्पना चोरण्यासारखी आहे. कीटकनाशकवाला असतो तर चोरली असती.

सावर्डेकर

एक शंका. ओळ कोणत्या भाषेत? मराठीत लिहिली तर दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतलं गिऱ्हाईक वाचणार नाही. तिकडे रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी नाहीतर इंग्लिश. कोंकणीत लिहिली तर...

शुद्धलेखन

कोंकणी ही राजभाषा असताना कार्ड मराठीत का, असा प्रश्न येणारच. आणि १९८७ च्या कायद्यात मराठीचीही सोय आहे हे सांगणाराही पाठोपाठ येणार. म्हणून मीच दोन्ही सांगून टाकतो.

संपादक मंडळ

राजभाषेच्या वादासाठी वेगळे धागे आहेत. तिथे अजून जागा आहे.

सावर्डेकर

वाद नव्हता घालायचा हो. शाब्दिक कोटी एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेली की मरते, एवढंच म्हणत होतो. माझ्या चुलत्याचा पंपदुरुस्तीचा धंदा. कार्डावर लिहिलं होतं: 'सांजांवाक बांयत उडकी मारात. पंप बंद पडलो जाल्यार म्हाका उलो मारात.' (२४ जूनला सांजांवला आमच्याकडे विहिरीत उड्या मारतात.) मारात-मारात जुळतं, आमच्याकडे लोक खूश. तेच इंग्लिशमध्ये करून दिल्लीहून इथे घर घेतलेल्या एका बाईंना दिलं, तर त्यांनी काळजीने विचारलं, विहिरीत कोण पडलं? तेव्हापासून त्याच्या मागच्या बाजूला फक्त चित्र आहे: विहीर, डोक्यावर फुलांचं कोपेल घातलेला माणूस, आणि हातात पाना.

आमसूल

म्हापशात एका पायलटाकडे कार्ड बघितलं होतं. बाहेरच्यांसाठी: पायलट म्हणजे आमचा मोटरसायकल टॅक्सीवाला. कार्डावर फक्त पिवळा मडगार्ड आणि खाली 'पायलट. उंची: जमिनीपासून अडीच फूट.' पर्यटक कार्ड घेऊन जायचे आणि पुढच्या वर्षी आले की त्यालाच बोलवायचे.

शुद्धलेखन

हे चांगलंय. स्वतःवर केलेला विनोद आहे. मला एका दाताच्या दवाखान्याने कार्ड दिलं होतं, वर 'तुमचे दात बघून आम्हाला रडू येतं.' मी दुसरीकडे गेलो.

खिळेजुळारी

वाळवीमारू, अजून एक. छापखान्यात बघितलंय, लोक कार्ड हसून ठेवत नाहीत, उपयोगी पडतं म्हणून ठेवतात. कॅलेंडरचं कार्ड वर्षभर राहतं, रेल्वेच्या वेळापत्रकाचं त्याहून जास्त. वाळवी लागली की नाही हे घरच्या घरी बघायची काही खूण असेल तर मागे छापा.

वाळवीमारू

आहे ना! रोज दहा जणांना हेच सांगतो. भिंतीवर किंवा चौकटीवर मातीची बारीक नळी दिसली तर नखाने इंचभर फोडायची आणि दोन दिवस थांबायचं. नळी परत बांधली गेली तर आत वाळवी जिवंत आहे. नाही बांधली तर बहुतेक सोडून गेलीय, पण लाकूड बोटाने वाजवून बघायचं, पोकळ आवाज आला तर फोन करा. आमच्याकडची वाळवी जमिनीतली, तिला ओल लागते, म्हणून ती नळीतून येते-जाते. उघड्यावर आली की सुकून मरते. म्हणून आम्हीही नुसतं लाकडावर फवारून सुटत नाही, भिंत आणि जमीन जिथे मिळते तिथे फूटभर अंतराने भोकं पाडून औषध खाली मातीत सोडतो.

हे सगळं कार्डावर मावणार नाही. पण 'नखाने फोडा, दोन दिवस थांबा' मावेल.

रंगरेषा

हेच छापा. घरी गेल्यावर कुणालाही करून बघावंसं वाटेल.

वाळवीमारू (तीन आठवड्यांनी)

अपडेट. साडेसहाशे कार्डं फेकली नाहीत. भाच्याने गोल स्टिकर काढला, त्यावर खाल्लेला क्यूआर कोड. तो बरोबर वारुळावर बसतो, फुलीसकट सगळं झाकून. तीन संध्याकाळी मी, बायको आणि भाचा स्टिकर लावत बसलो होतो. जुन्या बटणांच्या फोनवर कोड चालत नाही, बाकी घरातल्या चारही फोनवर चालला. स्टिकरच्या कडेने गोल लिहिलंय: 'मला खाल्लं तरी मी चालतो. तुमचा वासा?' सासष्टीत जाणाऱ्या कार्डांवर ओळ नाही, नुसता कोड.

कोपरा तसाच आहे, गाईने खाल्लेला. आता देताना मीच सांगतो, 'फाटलेलं नाही, नमुना आहे.' बँकेतल्या साहेबांना परत दिलं. या वेळी त्यांनी ते उलटं करून फोन धरला, माझं नाव स्क्रीनवर आलं तेव्हा भुवया जराशा वर गेल्या. हसले नाहीत. टोकनही पुकारलं नाही.

पुढच्या खेपेला ३०० कार्डं लेझरने करणार, ८५ बाय ५५, बिनलॅमिनेशनची, मागे नखाची खूण. गणपती नाही, बायकोने आठवण करून दिली की कार्ड शेवटी खिशातून पायाखालीच जातं. महाजनांना प्रूफ दाखवून आलो. त्यांनी चष्मा लावून दोन्ही बाजू बघितल्या आणि विचारलं, 'फुली खंय आसा?' म्हटलं, काढली. म्हणाले, बरें.

खिळेजुळारी

लेझरच्या पोराला आधी सांगून ठेवा. नाहीतर तो कडा पुसून देईल.

आमसूल

व्यनि (खासगी निरोप) केलाय. मागच्या दाराच्या चौकटीला नळी आहे, दिवाळीपासून बघतेय, मला माती लागलीय असंच वाटायचं. आत्ताच नखाने फोडली. परवा सांगते.